कोंबड्यांच्या गाडीत बसण्याआधी

मी, मार्सेलीन झेवियर मिरांडा, राहणार वाकोला गावठाण, विहिरीजवळचं कौलारू घर, सांताक्रूझ पूर्व, वय सहासष्टच्या आसपास, धर्म ख्रिस्ती, धंदा पूर्वी भातशेती व आता कोंबड्या, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. शरीरही बरं आहे, गुडघे सोडून. कोणी फूस लावून, धाक घालून किंवा दारू पाजून हे माझ्याकडून लिहून घेतलेलं नाही. धाक आहे, पण तो गाडीचा, आणि ती गाडी आत्ता स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे उभी आहे.

मी मराठी चौथीपर्यंत शिकले. शेजारचे भाऊ कोर्टात कारकून आहेत, त्यांनी नमुना आणून दिला. त्यातले ‘सबब’ आणि ‘उपरोक्त’ हे शब्द मला आवडले म्हणून घेतले आहेत, बाकी माझं आहे. भाऊ म्हणाले, शुद्धलेखन तपासतो. मी दिलं नाही. मेल्यावर वाचायचं असतं ते आधी कशाला वाचायचं?

आजारी आहे म्हणून लिहीत नाही. येत्या रविवारी आगेरा आहे. नव्या भाताची कणसं चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात तो दिवस. त्या दिवशी मिस्साची प्रार्थना झाल्यावर माझा नातू फ्रेडी उपरोक्त गाडी पहिल्यांदा हायवेवर काढणार आहे, आणि मी त्याच्या बाजूच्या सीटवर बसणार आहे. फ्रेडीला हे अजून माहीत नाही. मला माहीत आहे, म्हणून दोन दिवस माझ्या पोटात पेजेशिवाय काही राहत नाही. सबब हे लिहिणं.

कलम पहिलं. घर.

राहतं घर, पुढची ओटी, विहिरीतला आमचा हिस्सा आणि फणसाचं झाड हे सगळं फ्रेडीला. त्याचा बाप, म्हणजे माझा मुलगा पॉल, सुनेला घेऊन कुवेतला राहतो. शाळेसाठी पोराला माझ्याकडे ठेवला तो राहिलाच, आता तेवीस वर्षांचा घोडा झालाय आणि कारखान्यात फिटर आहे. पॉलला मी काही ठेवत नाही. त्याच्याकडे थंड हवेचं यंत्र आहे, त्याने त्याच्यापुढे बसून माझी आठवण काढावी.

मागच्या खोलीबद्दल मी काही लिहीत नाही. ती माझी नव्हेच. ती माझ्या नवऱ्याच्या बहिणीची, बर्थाची. तिच्या बापाने तिला देऊन ठेवली आहे आणि त्यामुळे मी आयुष्यभर तिचा खोकला ऐकला आहे.

कलम दुसरं. गाडी.

गाडी माझी आहे, हे आधी सगळ्यांनी समजून घ्यावं. माझा नवरा झेवियर सांताक्रूझच्या एका सेठकडे ड्रायव्हर होता. सेठने चौतीस साली ही अमेरिकन गाडी बोटीवरून उतरवून घेतली. दोन वर्षांनी तिचं जे झालं ते पुढच्या कलमात येईल. मग सेठ म्हणाला, “झेवियर, ही अवदसा तूच ठेव.” बैल लावून ओढत आणली आणि फणसाखाली दगडांवर चढवली. झेवियरने परत कधी चाक हातात धरलं नाही, गोदीत हमालांवर मुकादम झाला. तो गेल्यावर मी गाडीत कोंबड्या घातल्या. दार लागतं, मुंगूस शिरत नाही, मागच्या सीटवर अंडी ऊबेला राहतात. पंधरा-वीस वर्षं ती उत्तम गाडी होती. कोणाला तिची भीती नव्हती.

मग फ्रेडीने फुटपाथवरून अमेरिकन मासिकं आणली. त्यात तिकडची पोरं अशाच जुन्या गाड्या कापून पळवतात. त्याला हॉट रॉड म्हणतात. म्हणजे काय विचारलं, तर म्हणाला, “जुनी गाडी, पण पळायला बघ तू.” माझ्या कोंबड्या त्याने टोपलीत भरल्या आणि सीट धुतली. कुर्ल्याच्या भंगारातून मिलिटरीच्या ट्रकचं इंजिन आणलं. शेजारच्या चाळीतला धाकू, मालवणकडचा, लेथवर काम करतो, तो रोज संध्याकाळी येऊन बसायला लागला. दोघांनी मिळून छत कापून खाली आणलं, मडगार्ड काढले, दाराखालच्या पायऱ्या कापल्या. बॉनेटच्या दोन्ही बाजू उडवल्या, कारण म्हणे इंजिन दिसायला पाहिजे. मी म्हटलं, माणसाची आतडी असतात, ती आपण दाखवत फिरतो काय?

लाल रंग दिला. तो चांगला दिलाय, ते कबूल करते.

पहिल्यांदा ते इंजिन चालू केलं तेव्हा फळीवरच्या ताटल्या खाली आल्या. कोंबड्या चर्चच्या भिंतीवर जाऊन बसल्या. मी विहिरीच्या कठड्याला धरून उभी राहिले, पदर तोंडात. आवाज कानात येत नाही, छातीत शिरतो आणि तिथून गुडघ्यांत उतरतो. फ्रेडी हसत होता. त्याचे दात बापासारखे आहेत. मला वाटलं, हे दात आता रस्त्यावर पडणार.

सबब गाडीची व्यवस्था अशी. रविवारी मी जिवंत परतले तर गाडी फ्रेडीची. त्या गाडीत मेले तर इंजिन काढून भंगारात द्यावं आणि गाडी कोंबड्यांना परत करावी. सीट धुवू नये.

कलम तिसरं. छत्तीस सालची गोष्ट आणि एक लोखंडी दांडा.

हे लिहायला भाऊ नको म्हणाले, मृत्युपत्रात गोष्टी घालत नाहीत. पण ज्याला घर मिळणार त्याला घराला काय झालंय ते कळलं पाहिजे.

छत्तीस साली बर्थाचं लग्न ठरलं. वर बांद्र्याचा, पालीचा. झेवियरने सेठकडून गाडी मागून आणली. फुलं लावली. बॅण्ड पुढे चालत जाणार असं ठरलं होतं. बर्था गाडीत बसली आणि म्हणाली, “बॅण्ड चालत येणार असेल तर मी पण चालतच जाते.” म्हणून बॅण्ड गाडीवर चढला. दोन्ही बाजूंच्या पायऱ्यांवर माणसं, मागे ढोलवाला, ढोलाला टेकून आमचा दहा वर्षांचा पॉल. पुढे मी आणि झेवियर. गोळीबार म्हणतात त्या टेकडीचा उतार लागला.

झेवियरने ब्रेकवर पाय दिला. पाय सरळ खाली गेला आणि तिथेच राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याचं ते तोंड अजून बघते. मग ओरडला, “उड्या मारा!” कॉर्नेटवाल्याला ऐकू गेलं नाही, तो वाजवतच होता, त्याला वाटलं वरातीची गाडी मुद्दाम पळवतायत. उतारावर पोटातलं सगळं वर येतं आणि घशाशी थांबतं. माझं ते अजून खाली गेलेलं नाही.

गाडी खाचरात गेली. कोणी मेलं नाही. ढोल फुटला, झेवियरच्या बरगड्या गेल्या, माझ्या खांद्याचं हाड मोडलं. बर्था पांढऱ्या झग्यात कमरेपर्यंत चिखलात उभी. वराकडचे लोक बघायला आले. वराची आई खाचराच्या बांधावरूनच म्हणाली, “खूण बरी नाही,” आणि सगळी माणसं केक घेऊन परत गेली. त्या मुलाने पुढच्या वर्षी खारला लग्न केलं. बर्थाने मग केलंच नाही.

तेव्हापासून बर्था म्हणते, झेवियर पिऊन होता. लग्नघरात खिमाड, म्हणजे मसाल्याची गरम दारू, असतंच, पण ते मी उकळलं होतं आणि किटली माझ्या मांडीवर होती. मी म्हणते ब्रेक गेले. ती म्हणते दारू. झेवियर मरताना सुद्धा ती शेजारी बसून होती, मायेने पाणी पाजत होती, आणि बाहेर आल्यावर मला म्हणाली, “वयनी, आता तरी खरं बोल.” मी तिच्याशी आठ महिने बोलले नाही. तिला काही फरक पडला नाही.

फ्रेडीने गाडी खालून सोडवली तेव्हा ब्रेकचा दांडा निघाला. मधोमध तुटलेला. मी तो हातात घेऊन मागच्या खोलीत गेले आणि बर्थाच्या पलंगावर टाकला. म्हटलं, “घे. हा पिऊन होता.”

तिने चष्मा लावला. उलटा केला, सुलटा केला. म्हणाली, “खाचरात पडल्यावरही तुटला असेल.”

“असेल,” मी म्हटलं.

इतक्या वर्षांत ‘असेल’पर्यंत ती पहिल्यांदाच आली. दुपारी जेवली नाही. संध्याकाळी आली आणि मीठ मागितलं. तिच्याकडे मीठ होतं, मला माहीत आहे.

तो दांडा मी मृत्युपत्राने देत नाही. रविवारी तिच्या हातात देईन. कारण पुढे येतं.

कलम चौथं. (रद्द.)

यावर रेघ मारली आहे पण खालचं वाचता येतं, आणि यावं म्हणूनच हळू मारली.

हायवेवर काय होणार ते मला धाकूकडून कळलं. बांद्रा, पार्ले, अंधेरी इथली पोरं मोटारसायकली आणि गाड्या घेऊन जमणार. आमच्या वळणापासून दहिसरच्या नाक्यापर्यंत शर्यत. जो आधी पोचेल त्याला बाकीचे जेवण घालणार. मी काय ह्याला उपाशी ठेवते?

ब्रेकचं विचारलं. फ्रेडीने जुने दांडे काढून तेलाचे ब्रेक घातले आहेत. बारीक नळ्यांतून तेल जातं आणि गाडी थांबते. मी म्हटलं, दांडा निदान दिसतो तरी, तेल गेलं की नाही हे कोणाला दिसतं? धाकू म्हणाला, “आजये, कायेक काळजी करू नुको. ब्रेक असो लागता, गाडी जाग्यार उभी.” कुठे लावून बघितलास विचारलं, तर म्हणे गल्लीत. आमची गल्ली केवढी? विहिरीपासून क्रूसापर्यंत. तेवढ्यात बैलही थांबतो.

म्हणून मी कलम चौथं लिहिलं की, फ्रेडीने शर्यत लावली तर त्याला घर मिळणार नाही. घर माझी मुलगी मॉनिका, राहणार दहिसर, हिला जाईल. मॉनिकाचा नवरा ते दुसऱ्या दिवशी विकेल हे गावठाणात कोंबड्यांनाही माहीत आहे. भाऊ म्हणाले, अशी अट घालता येते. मी कागद घेऊन फणसाखाली गेले. फ्रेडी गाडीखाली होता, नुसते पाय बाहेर. त्या पायांना मी सगळं कलम वाचून दाखवलं.

“मामाय, पाना दे,” तो म्हणाला.

“ऐकलंस काय?”

“ऐकलं. दे ना घर मॉनिका आत्याला. मी गाडीत झोपेन. अगं तो नको, तुझ्या पायाजवळचा.”

मी पाना दिला. कलम तिथेच मेलं.

घराची भीती त्याला वाटत नाही. पोलिसांची नाही, फादरची नाही. मग मी विचार केला, त्याला कशाची वाटते? लहानपणी ताप आला की तो माझं लुगडं धरून झोपायचा, सोडायचा नाही. आता धरत नाही, पण रस्ता ओलांडताना माझं कोपर पकडतो आणि असा चालतो की जणू मी अंड्यांची पाटी आहे. सबब मी बाजूला बसणार. म्हातारी बाजूला असली तर गाडी पळवणारा पाय आपोआप वर येईल. येईल असं मला वाटतं. नाही आला तर काय, याचा विचार मी पूर्ण करत नाही, अर्ध्यात उठते आणि भांडी घासते.

छत्तीस सालानंतर मी मोटारगाडीत बसलेली नाही. बसमध्ये बसते, कारण बस भरलेली असते आणि पुढचा रस्ता दिसत नाही. म्हणून बुधवारी फ्रेडी कामावर गेल्यावर मी गाडीत बसून बघितलं. पायऱ्या नाहीत, म्हणून कोंबड्यांची टोपली उलटी घालून चढले. गाडी उभी, इंजिन बंद, समोर फणस. माझे पाय आपोआप खाली ब्रेक शोधायला लागले. माझ्या बाजूला ब्रेकच नाही. नुसता पत्रा. हात दाराला चिकटले. उतरायचं म्हटलं तर गुडघे ऐकेनात. बराच वेळ तशीच बसले.

बर्था विहिरीवर आली होती. बघून म्हणाली, “वयनी, अंडी शोधतेस काय?”

“हो,” मी म्हटलं.

तिने घागर खाली ठेवली, येऊन माझ्या काखेत हात घातला आणि मला उतरवलं. मग म्हणाली, “मिळाली?” तिची जीभ अशी आहे.

कलम पाचवं. कोंबड्या.

कोंबड्या धाकूच्या बायकोला. धाकूला नाही. लंगडी काळी आहे ती कापू नये, ती अंडी देत नाही पण बाकीच्यांना धाकात ठेवते.

कलम सहावं. बारीकसारीक.

सोन्याचे काप आणि पोत मॉनिकाला. तिने ते नवऱ्याला दाखवू नयेत. मसाल्याचं उखळ आणि बाटलीच्या मसाल्याचं प्रमाण हे फ्रेडी जिच्याशी लग्न करेल तिला. प्रमाण लिहिलेलं नाही. मी मेले तर बर्थाकडून शिकावं लागेल, आणि बर्था त्यात धणे जास्त घालते, हे त्या मुलीने ध्यानात ठेवावं. चांगलं किरमिजी लुगडं मला नेसवून पुरावं. ते रविवारी नेसूनच जाणार आहे, म्हणजे कोणाला शोधावं लागणार नाही. पुरताना झेवियरच्या शेजारी पुरावं. बॅण्ड लावू नये. आमच्या घराला बॅण्ड मानवत नाही.

कलम सातवं. दोष.

हे सगळ्यांत महत्त्वाचं, म्हणून ठळक लिहिते.

मी मेले आणि फ्रेडी वाचला, तर त्याला कोणीही काही बोलायचं नाही. पॉलने कुवेतहून लिहायचं नाही, मॉनिकाने चर्चच्या पायरीवर रडायचं नाही, फादरने प्रवचनात घालायचं नाही. झेवियरला लोकांनी आयुष्यभर तोंडावर ‘गेले ब्रेक, काय करणार’ म्हटलं आणि मागे ‘पिऊन होता’ म्हटलं. तो नंतर वाकूनच चालायचा. बरगड्यांमुळे नव्हे. फ्रेडीला तसं चालायला लावलं तर मी कबरीतून उठेन, गुडघे कसेही असोत. गाडीत मी माझ्या पायाने चढले. घर त्यालाच, अट काही नाही.

आणि दोघंही गेलो तर घर मॉनिकाला जाऊ दे. मग मला काय त्याचं.

कलम आठवं. साक्षीदार.

भाऊंनी सांगितलं की, जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. हे ऐकल्या ऐकल्या मी बर्थाला साक्षीदार ठरवलं. शिवाय साक्षीदार मागे उरणारा पाहिजे, आणि ती आम्हा सगळ्यांना पोचवून मग पेज खाईल अशी आहे. सबब रविवारी बर्थाने घरी राहावं, कोंबड्यांना दाणे घालावेत आणि हा कागद सांभाळावा. दुसरा साक्षीदार धाकू. त्यालाही काही मिळत नाही. ब्रेक लागतात म्हणाला ना, मग उभा राहून बघू दे.

आज आगेराचा रविवार. पुढचं गाडीत बसून लिहिते आहे, मांडीवर पोळपाट घेऊन.

या वर्षी पावसाने दगा दिला, कणसं अर्धी पोकळ. तरी फादरने ती आशीर्वादली आणि मग बाहेर येऊन गाडीवर पाणी शिंपडलं. मी हळूच म्हटलं, “फादर, खालून पण.” ते हसले. मी चेष्टा करत नव्हते.

घरी येऊन टोपली उलटी घातली आणि चढले. फ्रेडी चष्मा पुसत आला, तो उन्हाचा काळा चष्मा.

“मामाय, हे काय? उतर.”

“उतरता येत नाही. पायऱ्या तू कापल्यास.”

“मी उचलतो तुला.”

“हात लावून बघ.”

“अगं पण मी कुठे जातोय तुला माहीत आहे काय?”

“दहिसर नाका. मी मॉनिकाकडे जेवेन. तुला ते लोक घालणार आहेत ना?”

तो धाकूकडे बघायला लागला. धाकू फणसाकडे बघायला लागला. फ्रेडीने चष्मा घडी करून खिशात ठेवला. माझ्या बाजूचं दार उघडून बंद केलं, मग परत उघडून परत बंद केलं. मग पाना घेऊन गाडीखाली गेला. सकाळी म्हणाला होता, सगळं झकास आहे. आता तासभर झाला, एकेक नट परत आवळतोय आणि धाकूला म्हणतोय, “बॅटरीचा उजेड धर, नळीच्या जोडावर. नीट बघ रे, ओलं आहे का?” त्याचा आवाज मी ओळखते. तापातला आहे.

बरं वाटलं. आता या गाडीत भिणारे आम्ही दोघं आहोत.

तुटलेला दांडा मी बर्थाला हातात दिला. तिने तो पदराने पुसला.

येणेप्रमाणे मी हे मृत्युपत्र पुरं केलं. आधी दुसरं लिहिलेलं नाही. दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही करते. माझी सही वाकडी दिसली तर भाऊंनी किंवा कोर्टाने शंका घेऊ नये. इंजिन चालू झालं आहे आणि त्याने सगळी गाडी हलते आहे, त्यामुळे हात हलला.

ठिकाण: वाकोला गावठाण, फणसाखाली
तारीख: १ ऑक्टोबर १९७२

(सही) मार्सेलीन झेवियर मिरांडा

साक्षीदार पहिला:
आजीने माज्यासमोर सही केली. ब्रेक आता खरोखर बघितले.
(सही) धाकू सखाराम राणे, वाकोला

साक्षीदार दुसरी:
मी, बर्था मिरांडा, शिक्षण पाचवी पास, लिहिते की वयनीने माझ्यासमोर सही केली. त्या वेळी फ्रेडी गाडीखाली होता आणि इंजिन बंद होतं. पोळपाट मी दोन्ही हातांनी धरला होता, तरी हलत होता.
दांडा मी नीट बघितला. माझा भाऊ पिऊन नव्हता.
कागद शेजारच्या भाऊंकडे ठेवायला दिला आहे. कोंबड्यांना दाणे घातले. मी गाडीत मागच्या सीटवर बसते आहे.
(सही) बर्था मिरांडा